आपला आपण पडला तर

९ ऑगस्ट १९८७, रविवार

पुण्याहून संपादकांचा फोन. नागपुरातही म्हणे व्हिडिओ गेमचं खूळ पोचलं. तरुण पिढी बिघडते आहे, अशा अंगाने काहीतरी पाठवा. पिढी बिघडल्याची बातमी मी या दैनिकाला वर्षानुवर्षं पुरवत आलो आहे. पिढ्या बदलतात, मजकूर तोच चालतो. तरी एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून सायकल काढून तांडापेठेत गेलो.

कोष्ट्यांची वस्ती. चंद्रकला नावाच्या बाईने माहेरच्या घरातले हातमाग निघाल्यावर त्या लांब खोलीत दोन यंत्रं आणून ठेवली आहेत. एकात विमानं पडतात. दुसऱ्याला सगळे 'पुलावरची कुस्ती' म्हणतात. पडद्यावर एक पूल, खाली नदी, पुलावर दोन पैलवान. दांडा हलवला की पैलवान चालतो, बटण दाबलं की ढुशी देतो. समोरच्याला नदीत पाडलं की आपला एक गुण. महाभारत यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा दोन तरुण एकमेकांची गळपट्टी धरून उभे होते. एकाचा पैलवान मागे सरकता सरकता आपोआपच नदीत पडला होता.

"गुण माहा."

"तुहा काहून? हात तरी लावला का तू मले?"

"पडला ना तू?"

"मी माहा पडलो. तुह्या काय बापाचं गेलं?"

यंत्राचं या विषयावर काही मत नाही. ढकललं तरच ते गुण मोजतं. आपला आपण पडलेल्याला मुकाट्याने उचलून पुन्हा पुलावर ठेवतं. ना नफा, ना तोटा.

"रोज हेच होऊन राहिलं जी," चंद्रकलाबाई म्हणाली. "काल एकाचा शर्ट फाटला. तुमी शिकलेले दिसता. तुमीच सांगा, आपला आपण पडला तं गुण कोनाचा?"

विचार करून सांगतो म्हणालो. उत्तर तोंडाशी होतं, पण कोर्टाच्या बातम्या देऊन एवढं कळलं आहे की लगेच दिलेल्या निकालाला कोणी मान देत नाही.

१२ ऑगस्ट, बुधवार

रुपराव पैलवानांना घेऊन पुन्हा तांडापेठेत. रुपराव माझे जुने स्नेही. तरुणपणी कुस्तीच्या दंगली गाजवल्या, आता कळमन्याच्या बाजारात धान्याच्या काट्यावर बसतात. त्यांच्या कुस्त्यांच्या बातम्या मीच लिहीत असे. एक मात्र ते अजून विसरलेले नाहीत: 'चित' ऐवजी मी 'धराशायी' लिहिलं होतं.

रुपराव म्हणाले, "आखाड्यात पाय घसरून पडला तं ते कुस्तीच नाई. माती झटका, पुन्हा भिडा."

"पण पैलवान, मग हरायला आलेला माणूस दर वेळी घसरेल."

"थेही खरं हाय."

पोरांचं म्हणणं, पडणाऱ्याचाच एक गुण कापा. यंत्रं दुरुस्त करणारा एक तरुण तिथे स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला होता. चंद्रकलाबाईचा धाकटा भाऊ, नाव जागेश्वर. तो दबक्या आवाजात म्हणाला, "पडायच्या आधी शेवटचा धक्का ज्यानं मारला, गुण त्याले द्यावा. धक्का लागून माणूस सावरल्यासारखा दिसते, पण सावरला नसते."

सूक्ष्म विचार आहे. मुलगा बुद्धिमान दिसतो. पण मी त्याला समजावलं, "बाबा रे, शेवटचा धक्का शोधत मागे गेलो तर थेट जन्म देणाऱ्या आईपर्यंत जावं लागेल." पोरं हसली. तोही हसला, आणि लगेच माझ्यासाठी चहा सांगितला, बिनसाखरेचा. मला साखर चालत नाही हे याला कसं कळलं? चेहऱ्यावरून ओळखलं असावं. निरीक्षणशक्ती चांगली आहे.

१६ ऑगस्ट, रविवार

निकाल दिला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, तर फांदी कावळ्याने तोडली असं शास्त्र म्हणत नाही. पण फळ खाली पडलं तर ते उचलायला झाडाखाली जो उभा असतो त्याला कोणी चोर म्हणत नाही. म्हणून: का पडला, कसा पडला, कोणी पाडला, यात पंचाने शिरू नये. जो पुलावर उभा, गुण त्याचा.

चंद्रकलाबाईने हे वाक्य खडूने भिंतीवर लिहून घेतलं. 'उभा'चा 'ऊभा' केला, पण मी सुधारला नाही. नियमाचा जोर शुद्धलेखनात नसतो.

दुपारपासून एकही भांडण नाही. त्यावर रुपरावांनी सुचवलं की गणपतीत इथल्या मंडळातर्फे स्पर्धाच ठेवू. यंत्र पडद्यावर काय मोजेल ते मोजो, खरे गुण पाटीवर. पंच अर्थात मी. शेवटी विजेत्याने पंचाशी एक मानाची कुस्ती खेळायची, अशी आखाड्याची पद्धत रुपरावांनी इथेही घुसडली. मी हो म्हणालो. संस्कृतात काव्यतीर्थ होऊन बातमीदारी करावी लागलेल्या माणसाला हे काही जड नाही.

पुण्याला मजकूर पाठवला नाही. पिढीला अजून वेळ देऊ.

२० ऑगस्ट, गुरुवार

रोज संध्याकाळी सराव. मानाची कुस्ती म्हणजे लोकांसमोर उभं राहायचं. जागेश्वर शिकवतो. आज त्याला सलग तीनदा हरवलं! दोनदा तर तो माझ्या नुसत्या पवित्र्यानेच मागे सरकला आणि नदीत गेला. मी त्याला म्हटलं, "तुझं लक्ष नसतं, जागेश्वर." तो म्हणाला, "तुमचा दबावच तसा असते जी."

नम्र आहे. आयटीआय केलं आहे, टीव्ही दुरुस्तीची स्वतःची पेटी आहे, व्यसन नाही, थोरांसमोर बसत नाही. पुढच्या महिन्यात जबलपूरला एका टीव्ही कंपनीत जातो आहे.

जेवताना हे सगळं सांगितलं. आमची शामला विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि एरवी माझ्या बातम्यांना जांभई देते. आज मात्र एकेक गोष्ट विचारून घेत होती. "मग काय म्हणाला? मग तुम्ही काय म्हणालात?" बापाच्या पराक्रमाची मुलीला गोडी लागली, हे बरं झालं. तिची आई सुभद्रा मात्र पोळीवर तूप वाढता वाढता गालात हसत होती. तिला खेळातलं काही कळत नाही.

२६ ऑगस्ट, बुधवार

काल मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली. 'घेऊन जा गे मारबत'च्या आरोळ्यांत इडापिडा गेली असं समजून घरी आलो, तर आज सकाळी शामला समोर येऊन बसली.

"बाबा, मला जागेश्वरशी लग्न करायचं आहे."

कुठला जागेश्वर, असं मी विचारलं. लिहायला लाज वाटते, पण विचारलं.

"तुमचाच," ती म्हणाली. "ज्याची तुम्ही रोज स्तुती करता. कॉलेजातली यंत्रं दुरुस्त करायला येतो, तिथून ओळख. दीड वर्ष झालं."

"आणि हा मला साखरेशिवाय चहा पाजत होता!"

"मीच सांगितलं होतं."

मी सुभद्रेकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती, आणि भाजीत निवडण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

मी नाही म्हणालो. मुलगा गुणी आहे हे मीच इथे लिहून ठेवलं आहे, ते खोडत नाही. मुलगा गुणी आहे, पण

'पण'च्या पुढे काय लिहावं ते सुचेना. शामलाने विचारलं तेव्हाही सुचलं नव्हतं. "त्यांच्यात आणि आपल्यात" इतकं म्हणून थांबलो. तिने वाद घातला नाही. म्हणाली, "तुमच्या मनाविरुद्ध मी करणार नाही. पळून तर मुळीच नाही. तो एकटा जबलपूरला जाईल." आणि डबा घेऊन नोकरीवर गेली.

वाद घातला असता तर मी जिंकलो असतो.

२७ ऑगस्ट, गुरुवार

गणपती बसले. मोदक चांगले झाले होते. शामला एकच खाऊन उठली.

३० ऑगस्ट, रविवार

सुभद्रा म्हणाली, "तुम्ही त्या रुपरावांवर एकदा काय लिहिलं होतं? मातीवर जात चालत नाही म्हणून?"

"ते अग्रलेखासाठी होतं."

"अच्छा," ती म्हणाली.

या बाईशी कोणी शास्त्रार्थ करू नये. हिला 'अच्छा' एवढाच एक ग्रंथ पाठ आहे, आणि तो पुरतो.

सरावाला जात नाही. जायची गरजही नाही. आत्मविश्वास शाबूत आहे.

२ सप्टेंबर, बुधवार

स्पर्धा सुरू. आधी पाच गुण करील तो पुढे. खोलीत माणसं मावेनात, खिडक्यांना पोरं लोंबकळत होती. नियमाने चोख काम केलं. जागेश्वर यंत्रामागे तारा धरून बसला होता. नमस्कार केला, मी मान हलवली. एवढंच.

पाटीवर नावं लिहून घेताना रुपरावांनी मोठ्याने विचारलं, "हे शामला कोन वं?"

"मी," दारातून आवाज आला. आमचीच शामला. साडीचा पदर खोचून आली आणि इतवारीतल्या एका भांडेवाल्याच्या मुलाला तिने अशा काही ढुश्या दिल्या की त्याचा पैलवान कोरडा व्हायला वेळच मिळाला नाही.

चंद्रकलाबाई माझ्या कानाशी म्हणाली, "रोज कालेज सुटल्यावर येते जी. तुमी यायच्या आधी जाते."

मी पंच होतो. पंचाने कशात शिरू नये. गुण तिला दिले.

५ सप्टेंबर, शनिवार

शामला जिंकली. म्हणजे मानाची कुस्ती बाप-लेकीची. गर्दीला तर पर्वणीच. पाटी रुपरावांच्या हाती दिली.

यंत्रापाशी उभे राहिलो तेव्हा ती पडद्याकडे पाहत हळूच म्हणाली, "बाबा, मी जिंकले तर तुम्ही एकदा त्यांच्या घरी जाऊन बोलायचं. नुसतं बोलायचं."

"आणि मी जिंकलो तर?"

"तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. कधीच."

मी हो म्हणालो. मला वाटलं, इथे तरी आपण नियमाने जिंकू.

पहिला गुण तिचा. दुसराही. तिसऱ्याला मी माझा प्रसिद्ध पवित्रा घेतला. त्या पवित्र्याने मागे सरकणारा एकटा जागेश्वरच होता, हे तेव्हा ध्यानात आलं. चौथ्याला तर माझा पैलवान पुलावर नीट उभाही राहिला नव्हता.

"पंडितजी धराशायी!" रुपराव ओरडले. इतक्या वर्षांनी सूड घेतला. सगळी खोली हसली. "पंडितजी, श्लोक म्हना, नदी आटन!" खिडकीतून कोणीतरी म्हणालं. मीही हसलो. दांड्यावरचा हात थरथरत होता, आणि तो लपवायला दुसरा हात मोकळा नव्हता.

शामलाने माझ्याकडे एकदा पाहिलं. माझ्या तोंडाकडे नव्हे, हाताकडे.

आणि तिचा पैलवान मागे सरकला आणि नदीत पडला.

एक गुण माझा. मला वाटलं, कावळा आणि फांदी. पुन्हा पुलावर आलो. मी जागचा हललो नव्हतो. तिचा पैलवान वळला, कडेपर्यंत सरळ चालत गेला आणि पडला. हसणं थांबलं.

तिसऱ्यांदा पडल्यावर रुपरावांनी खडू खाली ठेवला. "बाई, मुद्दाम पडून राहिली का तू?"

"नाही काका. घसरते आहे."

"पंडितजी, हे चालते का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. नियम माझा होता. का पडला, कसा पडला, यात पंचाने शिरू नये. "चालतं," मी म्हणालो. आणि ती चौथ्यांदा पडली.

चार-चार. एक गुण उरला.

मी तिच्या हाताकडे पाहिलं. माझ्यासारखा थरथरत नव्हता. स्वयंपाकघरात उकळतं दूध उतरवताना तिच्या आईचा असतो तसा स्थिर होता. तिने दांडा कडेच्या बाजूला वळवला. तिच्या पैलवानाला कडा जवळ होती, मला लांब.

त्यानंतर काय झालं ते नीट नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी वाद घालायला नको. घामाने माझा हात ओला झाला होता. दांडा निसटला. तो उलट्या दिशेला निसटला आणि बराच वेळ तसाच निसटलेला राहिला, त्यामुळे माझा पैलवान पळत पळत कडेला गेला आणि तिचा कडेला पोचायच्या आतच नदीत पडला. यात हेतू कोणताही नव्हता. निव्वळ अपघात.

शामला म्हणाली, "बाबा, हे बरोबर नाही."

"पंचाला विचार," मी म्हणालो.

रुपरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांनी आयुष्यात पुष्कळ माणसं पडताना पाहिली आहेत. त्यांनी भिंतीवरचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि गुण तिच्या नावावर मांडला.

यंत्रामागून जागेश्वर बाहेर आला तो डोळे पुसतच. तिथे धूळ फार असते.

६ सप्टेंबर, रविवार

सुभद्रेने विचारलं, "हात फार घामेजतो का हल्ली?"

"उकाडा आहे."

"अच्छा."

९ सप्टेंबर, बुधवार

पितृपक्षात कोणी सोयरिकीची बोलणी करत नाही. सुभद्रेने आठवण करून दिली. मी म्हटलं, मी बोलणी करायला जात नाही, नुसता बोलायला जातो आहे. ठरलं तेवढंच आहे. धोतर मात्र धुतलेलं नेसलो.

वाटेत ठरवलं की मोठेपणाचा आव आणायचा नाही. आपण होकार घेऊन चाललो आहोत, तो हळूच द्यायचा. त्यांना संकोच वाटता कामा नये.

जागेश्वर घरी नव्हता. यंत्रांच्या खोलीमागच्या घरात त्याची आई तुळजाबाई सूत उकलत बसली होती. लहानखुरी बाई, नजर धारदार. मला पाहून उठली नाही. मी उंबऱ्यात उभा राहिलो.

"शामलाचा बाप ना जी?"

"हो. मी म्हटलं, मुलांचा विचार..."

"पोरांचा विचार पोरायनं केला," ती म्हणाली. "मी अजून केला नाई. मी हो म्हनलं असं कोनी सांगतलं तुमाले?"

कोणीच सांगितलं नव्हतं. इतक्या दिवसांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. जिथे द्यायला आलो होतो तिथे मागावं लागणार, असं दिसू लागलं.

"मुलगी चांगली आहे," मी म्हणालो. "शिकलेली आहे. नोकरी करते. शब्दाची पक्की आहे. तुमच्या घरात तिचा त्रास होणार नाही." इतवारीतल्या दुकानदारासारखा एकेक गुण समोर मांडत होतो.

"तिचं मले माईत हाय. रोज येते, पाया पडते. मी तुमचं इचारून राहिली." सूत उकलणं थांबलं. "माहा पोरगा तुमच्या घरी आला तं कुठं बसन? ओसरीवर, का आत? जेवाले ताट घरातलं का वेगळं?"

"आत बसेल. आमच्या पंक्तीत जेवेल."

"आज म्हनता. उद्या तुमचे सोयरे आले तं?"

"तर सोयरे ओसरीवर बसतील."

ती हसली नाही. पण सुताचा गुंता बाजूला ठेवला.

"एक सांगा जी. चंद्रकला म्हंते, खेळात पोरीनं हरवलं म्हून तुमी येऊन राहिले. शर्त होती म्हंते. हरले नसते तं आले असते का? धक्का लागून आलेला मानूस मले नको. आज एकानं ढकललं तं इकडं, उद्या दुसऱ्यानं ढकललं तं तिकडं. माह्या पोराचा संसार हाय, पूल नाई."

माझ्याजवळ दोन-तीन उत्तरं तयार होती, पैकी एक तर संस्कृतात. शनिवारी इथे जे नीट नोंदवून ठेवलं आहे तेही सांगता आलं असतं: घाम, दांडा, उकाडा.

"तिने हरवलं नाही," मी म्हणालो. "चार-चार झाले होते. मी आपला आपण पडलो."

"घसरून?"

"नाही."

तुळजाबाई उठली. मग आत तोंड करून म्हणाली, "चंद्रकला, चटई टाक वं. मानसाले उभं काहून ठेवलं?"

बसलो. पितृपक्ष संपेपर्यंत तारखेचं काढायचं नाही, असं दोन्ही बाजूंनी मान्य झालं. बाकी सगळं काढलं.